पापुद्रा मोजायचा की त्याला टेकलेला धातू?

विजेरी मंद झाली की आपण लगेच नवे सेल आणायला धावत नाही. आधी जुनेच सेल बाहेर काढतो, त्यांची टोके आणि झाकणातली स्प्रिंग पॉलिश पेपरने घासतो आणि पुन्हा बसवतो. बरेचदा तेवढ्याने काम भागते. सेल तेच, बल्बही तोच. बदलला तो फक्त धातूला धातू टेकतो तेथला एक नाममात्र थर. स्कूटरच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवट क्षार चढला की मेकॅनिकही हेच करतो.

घरात आपण सहज मान्य करतो ती ही गोष्ट प्रयोगशाळेत मान्य व्हायला, आणि मान्य झाल्यावर तिचा नीट हिशेब मांडता यायला, दोनशे वर्षे लागली. एखाद्या पदार्थातून वीज किती वाहते हे पाहायचे तर त्याला धातूचे दोन तुकडे टेकवावेच लागतात. या तुकड्यांना विद्युतअग्रे म्हणतात. मीटरवर उमटणारा आकडा एकट्या पदार्थाचा कधीच नसतो. तो अग्र, पदार्थ आणि दुसरे अग्र या तिघांच्या साखळीचा असतो. पदार्थाचा तुकडा चांगला जाडजूड असेल तर टोकाच्या दोन कड्यांकडे कानाडोळा केला तरी चालते. पण तो बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा, केसाच्या जाडीच्या सातशे-आठशेव्या भागाइतका पातळ पापुद्रा असेल तर? मग अग्र कोणत्या धातूचे, ते कशाने पुसले, किती निर्वातात चढवले, या बारीकसारीक बाबींवर सारा निष्कर्षच अवलंबून राहतो. अशा काही निष्कर्षांची कथा आपण येथे पाहू.

बेडकाचा पाय आणि काळे प्लॅटिनम

या कथेची सुरुवात आपल्या पाठ्यपुस्तकातच आहे. 1791 मध्ये लुइजी गॅल्व्हानीने मृत बेडकाच्या पायांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पितळी आकड्याला अडकवलेला पाय लोखंडाला टेकला की तो झटका देई. गॅल्व्हानी म्हणाला, ही वीज प्राण्याच्या शरीरातली. अलेस्सांद्रो व्होल्टाला वेगळाच संशय आला. आकडा आणि कठडा एकाच धातूचे असले तर झटका क्षीण का होतो? त्याच्या मते वीज दोन भिन्न धातूंच्या जोडीमुळे येत होती आणि बेडूक हा निव्वळ एक संवेदनशील मीटर होता. 1800 साली त्याने जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी रास रचून पहिली बॅटरी केली आणि वाद जिंकला. (गॅल्व्हानी पुरता चुकला होता असे मात्र नव्हे. मज्जातंतूंत विद्युत संदेश असतातच. पाठ्यपुस्तके त्याला उगीचच हरवून टाकतात असे आम्हाला वाटते.) आपल्या विषयाच्या दृष्टीने मुद्दा एवढाच, की अग्राचा परिणाम पदार्थाच्या नावावर जमा होण्याची ही एक फार जुनी आणि फार प्रसिद्ध घटना आहे.

पुढची पायरी जर्मनीत फ्रीडरिख कोलराउश याने ओलांडली. मिठाच्या द्रावणाची वाहकता मोजताना एक अडचण सर्वांनाच येत होती. एकदिश धारा सोडली की अग्रांपाशी आयन साचतात, वायूचे बुडबुडे धरतात आणि मीटरचा काटा हळूहळू सरकत राहतो. खरा आकडा कोणता, पहिल्या सेकंदाचा की दहाव्या मिनिटाचा? कोलराउशने 1870 च्या दशकात दोन उपाय एकत्र वापरले. धारा उलटसुलट, म्हणजे प्रत्यावर्ती, केली. आणि प्लॅटिनमच्या अग्रांवर बारीक काळ्या प्लॅटिनमचा मखमलीसारखा थर चढवला. या खडबडीतपणामुळे अग्राचे खरे क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढते आणि साचणाऱ्या आयनांचा अडथळा नगण्य होतो. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या वाहकता-पात्रातली अग्रे काळी का असतात, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याला कोलराउशची ही गोष्ट जरूर सांगावी. अग्राची पूर्वतयारी हा मापनाचाच एक भाग आहे, हे येथे प्रथमच ठरवून मान्य केलेले दिसते.

एक छिद्र पुरते

आता द्रावणाकडून बहुवारिकांकडे येऊ. द्रावण अग्राला आपणहून सगळीकडून बिलगते. घन पापुद्रा बिलगत नाही. त्यावर धातूची पट्टी नुसती दाबून ठेवली तर ती काही मोजक्या उंचवट्यांवरच टेकते. म्हणून विसाव्या शतकात एक पद्धत रूढ झाली. काचेवर आधी धातूचा एक थर द्यायचा, त्यावर बहुवारिकाचे द्रावण पसरून वाळवायचे आणि मग निर्वात पात्रात ॲल्युमिनियम किंवा सोने तापवून, त्याची वाफ वरून बसू द्यायची. सँडविच तयार!

या सँडविचमध्ये काय धोका आहे तो एका उदाहरणाने पाहू. हे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. पॉलिस्टायरीनची रोधकता सुमारे 1 वर 16 शून्ये इतके ओहम-सेंटिमीटर धरू. पापुद्रा 100 नॅनोमीटर जाड आणि अग्राचे क्षेत्रफळ 10 चौरस मिलिमीटर. म्हणजे रोध येतो सुमारे एक लाख कोटी ओहम. आता समजा, या पापुद्र्यात धुळीच्या कणामुळे 100 नॅनोमीटर व्यासाचे एकच आरपार छिद्र राहिले आणि ॲल्युमिनियमच्या वाफेने ते भरून टाकले. धातूच्या त्या खुंटीचा रोध काढला तर तो एक तृतीयांश ओहमच्या आसपास भरतो! छिद्राचे क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या सव्वाशे कोटीव्या भागाइतके, पण जवळपास सगळी धारा तेथूनच जाणार. मीटर मात्र बिचारा सांगणार की पॉलिस्टायरीन उत्तम वाहक आहे.

इतके ढळढळीत प्रकरण लगेच ओळखू येते. फसवतात ती अर्धवट छिद्रे, जेथे धातू जवळजवळ पोचला आहे पण पुरता नाही. शंभर नॅनोमीटरवर 10 व्होल्ट लावले तर क्षेत्राची तीव्रता मीटरला दहा कोटी व्होल्ट होते. हवेत तर मीटरला तीस लाख व्होल्टनाच ठिणगी पडते. अशा ताणाखाली धातूचे बारीक तंतू वाढतात, जळतात, पुन्हा जुळतात. त्यामुळे पापुद्रा कधी वाहक तर कधी रोधक झाल्यासारखा वाटतो. 1960 आणि 1970 च्या दशकांत पातळ ऑक्साइड व बहुवारिक थरांतल्या अशा ‘स्विचिंग’वर पुष्कळ संशोधन झाले आणि त्यातले किती पदार्थाचे व किती अग्राच्या तंतूंचे, हा वाद दीर्घकाळ चालला.

तंतू जळण्याचा एक उपयोग मात्र आपल्या डोक्यावर फिरत असतो. छताच्या पंख्याचा कॅपॅसिटर बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीवर अतिशय पातळ धातू चढवून केलेला असतो. एखाद्या कमकुवत जागी ठिणगी पडली की तिच्या भोवतालचा धातू वाफ होऊन उडून जातो आणि ती जागा आपोआप सुटी पडते. कॅपॅसिटर वाचतो, त्याची धारकता तेवढी किंचित घटते. वर्षानुवर्षांनी पंखा हळू फिरू लागतो त्यामागे हेही एक कारण असते. पंख्याला हे परवडते. पण मोजमाप करणाऱ्याने पहिल्यांदा व्होल्टता चढवताच अशा पाच-पन्नास जागा जळून गेल्या, तर त्यानंतर तो मोजतो आहे तो पापुद्रा आधीचा राहिलेलाच नसतो.

दोनाऐवजी चार

अग्राजवळचा रोध हिशेबातून वगळण्याची एक सुंदर युक्ती फार पूर्वीपासून माहीत होती. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1860 च्या दशकाच्या सुरुवातीस अगदी कमी रोध मोजण्यासाठी चार जोडांची रचना वापरली. बाहेरच्या दोन जोडांतून धारा सोडायची आणि आतल्या दोन जोडांत विभवांतर मोजायचे. आतल्या जोडांतून धारा जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तेथला रोध कितीही असला तरी त्यावर व्होल्ट खर्च होत नाहीत. 1915 मध्ये अमेरिकेत फ्रँक वेनर याने हीच कल्पना जमिनीत चार खुंट्या ठोकून वापरली. आपल्याकडे विहिरीची किंवा कूपनलिकेची जागा ठरवताना भूवैज्ञानिक जमिनीची रोधकता मोजतात ती याच मार्गाने. 1958 साली हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील व्हॅन डर पॉव यांनी, पापुद्र्याचा आकार कसाही असला तरी कडेला चार जोड देऊन त्याची रोधकता काढण्याचे सूत्र दिले.

याची प्रचिती कागद-पेन्सिलीवर घेता येते. मऊ पेन्सिलीने (6बी उत्तम) कागदावर 10 सेंटिमीटर लांब, 1 सेंटिमीटर रुंद पट्टी गडद रंगवा. मल्टिमीटरची दोन टोके तिला हलकेच टेकवून रोध पाहा, मग जोराने दाबून पाहा. आकडे वेगळे येतील, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे निराळे येतील. आता पट्टीच्या टोकांना 9 व्होल्टची बॅटरी जोडा आणि मीटरची टोके मधल्या भागात, एकमेकांपासून 2, 4, 6 सेंटिमीटरवर ठेवून व्होल्ट वाचा. दाब कमी-जास्त केला तरी वाचन आता फारसे हलणार नाही.

बहुवारिकांच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला आकडा याच चार जोडांनी मिळाला. 23 नोव्हेंबर 1976 या दिवशी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हिदेकी शिराकावा आणि सी. के. चियांग पॉलिॲसिटिलीनच्या चकचकीत पापुद्र्याला चार तारा जोडून बसले होते. ब्रोमीनची वाफ सोडताच वाहकता काही मिनिटांत एक कोटी पटींनी वाढली. शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांना या कामासाठी 2000 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे मापन दोनच जोडांनी केले असते तर कोणीही विचारले असते, की बदलले ते प्लॅस्टिक की तारेखालचा संपर्क? चार जोडांमुळे तो प्रश्नच उरला नाही.

मात्र या युक्तीला एक मर्यादा आहे. धारा पापुद्र्याच्या लांबीवरून जात असेल तरच चार जोड देता येतात. सँडविचमध्ये ती जाडीतून आरपार जाते. शंभर नॅनोमीटरच्या जाडीत मध्येच आणखी दोन जोड कोठे खुपसणार? तेथे अग्राला टाळता येत नाही. त्याला समजून घ्यावे लागते.

उंबरठा

धातूतला इलेक्ट्रॉन बाहेर ओढायला काही ऊर्जा लागते, तिला कार्यफलन म्हणतात. कॅल्शियमचे ते सुमारे 2.9 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ॲल्युमिनियमचे 4.2 च्या आसपास, सोन्याचे 5 च्या वर. धातू आणि पदार्थ यांच्या ऊर्जापातळ्यांतला फरक म्हणजे सीमेवरचा उंबरठा, असे साधे चित्र 1938 च्या सुमारास वॉल्टर शॉट्की आणि नेव्हिल मॉट यांनी मांडले. उंबरठा उंच असेल तर आत शिरणारे थोडे. मग आत कितीही मोकळी जागा असो.

सेंद्रिय पदार्थांत हा उंबरठा किती निर्णायक असतो ते न्यूयॉर्क विद्यापीठात हार्टमुट कालमान आणि मार्टिन पोप यांनी 1960 साली दाखवले. त्यांनी अँथ्रासीनच्या पातळ स्फटिकाला धातूचे अग्र लावलेच नाही; दोन्ही बाजूंना द्रावणे लावली. धन बाजूच्या द्रावणात आयोडीन-आयोडाइड घातले की स्फटिकातून अंधारातही मोठी धारा वाहू लागे. आयोडीन स्फटिकातून इलेक्ट्रॉन काढून घेते आणि तेथे रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, ठेवते. ही होल पुढे सरकते. स्फटिक तोच, बदलले होते ते द्रावण. 1963 मध्ये पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँथ्रासीनमधून प्रकाशही मिळवला, पण त्यासाठी 400 व्होल्ट लागले.

याच वाटेने आपण केंब्रिजला पोचतो. 1989 मध्ये कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेरेमी बरोज हे पीपीव्ही या बहुवारिकाच्या पापुद्र्याचे विद्युत गुणधर्म तपासत होते. व्होल्टता चढवता चढवता सँडविचमधून हिरवट उजेड येताना दिसला. बरोज, डोनल ब्रॅडली, रिचर्ड फ्रेंड आणि सहकाऱ्यांचा निबंध 1990 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. कार्यक्षमता होती 0.05 टक्के, म्हणजे दहा हजार इलेक्ट्रॉनांमागे पाच प्रकाशकण. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेव्हिड ब्राउन आणि हीगर यांनी पीपीव्हीच्या एका विद्राव्य भाऊबंदावर कॅल्शियमचे ऋणाग्र चढवून सुमारे 1 टक्का कार्यक्षमता मिळवली. या सुधारणेचे मोठे श्रेय कॅल्शियमच्या बुटक्या उंबरठ्याला होते. हवेत काही मिनिटांत खराब होणारा धातू असूनही जगभरचे संशोधक त्याच्यामागे का लागले, ते यावरून ध्यानात येईल.

पण मग मोजलेल्या धारेवरून बहुवारिकाबद्दल काय सांगता येईल? एसटीच्या गाडीचे उदाहरण घेऊ. मिनिटाला किती माणसे चढली हे दोन गोष्टींनी ठरू शकते. दार अरुंद असेल तर दाराने. दार ऐसपैस असेल तर आतल्या गर्दीने, कारण आधी चढलेले पुढे सरकल्याखेरीज मागच्यांना जागा नाही. सांता बार्बरात इयन पार्कर यांनी 1994 मध्ये एकाच बहुवारिकाला निरनिराळ्या धातूंची अग्रे लावून दाखवले, की त्यांच्या सँडविचमधली धारा मुख्यतः दाराने ठरते. 1996 मध्ये फिलिप्सच्या पॉल ब्लोम आणि सहकाऱ्यांनी पीपीव्हीला होलसाठी दार पुरेसे रुंद असेल अशी अग्रे निवडली, तेव्हा धारा आतल्या गर्दीने ठरत असल्याचे आढळले. बहुवारिकाच्या अंगचा गुण मोजता येतो तो या दुसऱ्या स्थितीतच.

दोन्ही स्थिती ओळखायच्या कशा? जाडी बदलून. गर्दीच्या नियमात धारा व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. जाडी दुप्पट, व्होल्टता तीच, तर धारा एक अष्टमांश. दाराच्या नियमात मात्र सीमेवरच्या क्षेत्रालाच महत्त्व. जाडी आणि व्होल्टता दोन्ही दुप्पट केली तर धारा बदलत नाही. एकाच जाडीचा एकच नमुना मोजून बहुवारिकाची ‘वाहकता’ जाहीर करणारे निबंध वाचताना म्हणूनच सावध राहावे.

स्वच्छ तेच चांगले काय?

आतापर्यंत वाचून कोणाचाही समज होईल, की अग्र जितके शुद्ध आणि निर्वात जितका कडक तितके मापन खरे. येथे निसर्गाने संशोधकांची चांगलीच फिरकी घेतली.

स्वीडनमधील लिनशोपिंग येथे विल्यम सालानेक यांच्या गटाने कॅल्शियम अतिउच्च निर्वातात, ऑक्सिजनचा मागमूस नसताना, बहुवारिकावर चढवले. अशी सँडविचेस साध्या निर्वातात केलेल्यांपेक्षा वाईट चालली! 1995 मध्ये त्यांनी याचे कारण मांडले. शुद्ध कॅल्शियम बहुवारिकाशी थेट विक्रिया करते आणि सीमेजवळचा थर बिघडवते. साध्या निर्वातात उरलेल्या थोड्या ऑक्सिजनमुळे मध्ये कॅल्शियम ऑक्साइडची पातळ ढाल तयार होते. इतरांचे ‘हलगर्जी’ निर्वात त्यांच्या नकळत त्यांना मदत करत होते.

दुसरीकडे धनाग्र म्हणून वापरली जाणारी पारदर्शक काच, जिच्यावर इंडियम-टिन ऑक्साइडचा थर असतो. ती साबण आणि अल्कोहोलने कितीही धुतली तरी कार्बनी मळाचा अदृश्य लेप उरतोच. 1997 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गटाने ती ऑक्सिजनच्या प्लाझ्मात धरली, आणि तिच्यावर केलेल्या दिव्यांची कार्यक्षमता, तेज आणि आयुष्य ही तिन्ही सुधारली. येथे स्वच्छतेचा फायदा झाला, पण पुरता हिशेब एवढाच नाही. ऑक्सिजन पृष्ठभागाचे कार्यफलनही वाढवतो. नंतर या काचेवर पेडॉट-पीएसएस नावाच्या वाहक बहुवारिकाचा लेप देण्याची प्रथा पडली. तो लेप आम्लधर्मी असल्याने इंडियम थोडे थोडे विरघळून वर चढते, हे 2000 साली हॉलंडमधून दाखवले गेले. एक दोष झाकायला गेले तर दुसरा उघडा पडतो, त्यातलाच हा प्रकार.

सर्वांत बोधप्रद गोष्ट सोन्याची. सोन्याचे कार्यफलन मोठे, म्हणून होल आत सोडायला ते उत्तम असावे. पण 1990 च्या दशकात क्ष-किरण आणि अतिनील किरणांनी सीमारेषा तपासल्या तेव्हा साधे चित्र ढासळले. धातूच्या पृष्ठभागाबाहेर इलेक्ट्रॉनांची एक शेपटी रेंगाळत असते. सेंद्रिय रेणू येऊन बसला की तो ही शेपटी मागे ढकलतो, आणि सोन्याचे प्रत्यक्षातले कार्यफलन घसरते. मळ बसलेल्या पृष्ठभागावर ही शेपटी आधीच दबलेली असते, तेव्हा नवी घसरण होत नाही. म्हणून हवेत ठेवून ‘मळलेल्या’ सोन्यातून होल अधिक सहज शिरतात असे प्रिन्स्टनच्या आंत्वान कान यांच्या गटाने 2005 मध्ये दाखवले. त्याआधी 2003 मध्येच, पेडॉट-पीएसएसचे कार्यफलन सोन्याहून किंचित कमी असूनही उंबरठा मात्र त्याचाच बुटका, असे दिसले होते. निरनिराळ्या प्रयोगशाळांत सोन्यावरची मापने जुळत नव्हती याचे एक कारण, त्यांचे सोने किती वेळ कपाटात पडून होते, हे होते!

रेणूंचा स्विच

आता शेवटचे प्रकरण, आणि त्यात पणाला लागलेले बरेच काही होते. बहुवारिकाच्या पापुद्र्याहून तीस-पन्नास पट पातळ, अवघ्या एका रेणूइतका थर घेतला तर? 1999 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जेम्स हीथ आणि फ्रेझर स्टॉडार्ट व ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे स्टॅनली विल्यम्स यांच्या गटांनी ‘सायन्स’मध्ये जाहीर केले, की रोटॅक्झेन नावाच्या रेणूंच्या एकपदरी थराने तर्कद्वारे बनवता येतात. रोटॅक्झेन म्हणजे दांडीत ओवलेले कडे. धागा-मण्यांच्या या रेणूत फेरबदल होतो आणि स्विच चालू-बंद होतो, अशी कल्पना. सिलिकॉननंतरचे युग आले अशी चर्चा सुरू झाली. 2002 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने अशा थराची 64 बिटांची स्मृती करून दाखवली. तिच्यात खाली प्लॅटिनम, वर टायटॅनियम.

पुढचा प्रश्न त्याच कंपनीतल्या संशोधकांनी स्वतःला विचारला, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत कौतुकास्पद पाऊल तेच. रोटॅक्झेनऐवजी दुसरेच रेणू घातले तर? डंकन स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये उत्तर दिले. साध्या मेदाम्लाचा थर घातला, ज्यात ना कडे ना दांडी, तरी स्विच तसाच चालला. रेणूचा त्यात हातच नव्हता. त्याच वर्षी स्टिअरिक आम्लाच्या (हे मेणबत्त्यांतही वापरतात) थरावर बारीक सुईने दाब देऊन पाहिले, तेव्हा स्विचिंग संपूर्ण पृष्ठभागावर होत नसून काही नॅनोमीटरांच्या इवल्या ठिपक्यांतच होत असल्याचे दिसले. टायटॅनियम हा अत्यंत क्रियाशील धातू. वाफेच्या रूपात तो मऊ सेंद्रिय थरावर बसतो तेव्हा सापडेल तेथून ऑक्सिजन ओढतो. अग्राच्या पोटातला तो ऑक्साइड या खेळातला खरा खेळाडू ठरला.

ऑक्साइडचा हा माग काढत विल्यम्स यांच्या गटाने पुढे रेणू बाजूलाच ठेवले. 2008 मध्ये त्यांनी दोन प्लॅटिनम अग्रांमध्ये मुद्दाम टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देऊन तयार केलेला ‘मेमरिस्टर’ जाहीर केला. ज्यांना रेणूच मोजायचे होते त्यांनी वेगळी वाट धरली. हॉलंडमधील हिल्को आकरमन, ब्लोम, डागो द लेऊ आणि बेर्ट द बूर यांनी 2006 मध्ये रेणूंच्या थरावर धातूची वाफ थेट न सोडता आधी पेडॉट-पीएसएसचा मऊ लेप दिला आणि सोने त्याच्यावर चढवले. 100 मायक्रोमीटरपर्यंत व्यासाच्या अशा जोडण्यांपैकी 95 टक्क्यांहून अधिक सुरक्षित निघाल्या. त्याआधी थेट धातू चढवलेल्या बहुतेक जोडण्या आत तंतू शिरून बाद होत. ज्याची वाहकता मोजण्यात तीन दशके गेली त्या कुळातले बहुवारिक आता स्वतःच अग्र झाले. मात्र नंतरच्या मापनांत असे आढळले, की या जोडण्यांचा एकूण रोध लेप कोणत्या प्रतीचा आहे आणि तो कसा वाळवला यावरही अवलंबून असतो. म्हणून या क्षेत्रातले गट आता रेणूंच्या लांबीबरोबर लेपाची कृतीही नोंदवतात आणि रेणूंशिवायची कोरी जोडणी शेजारी करून तिचाही रोध मोजून ठेवतात.